खसखशीएवढ्या बाहुल्या

आधी त्या भिंतीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

तर बेकरी होती. पुढे दुकान, मध्ये लांबलचक लाकडी टेबल, आणि टेबलामागे भट्टी. विटांची, चांगली खोलीएवढी. या भट्टीची मागची बाजू निघायची पिठाच्या पोत्यांच्या खोलीत, आणि ती भिंत कायम गरम. चटका बसेल अशी नाही हं. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी गरम. आणि या घरात कुणाचंही काहीही दुखलं की औषध एकच, "जा, भिंतीला लाग!" दादा सायकलवरून आपटला, भिंत. आईची बाळंतपणं, भिंत. पीठ मळून कामगारांच्या कमरा भरून आल्या, भिंत. दादाचं जमलेलं लग्न मोडलं, तर तो आख्खा दिवस भिंतीला पाठ लावून बसला, आणि संध्याकाळी बाहेर येऊन म्हणतो कसा, "आता बरं वाटतंय, काही खायला आहे का?"

धाकटीने तर सगळा अभ्यासच त्या भिंतीला टेकून केला. तिच्या नर्सिंगच्या पुस्तकांच्या कडा अजून पिठाने पांढऱ्या आहेत.

या धाकटीला सगळे सुई म्हणायचे. नाव बाबांनीच ठेवलं होतं, आणि प्रेमाने नव्हे. तिने नर्सिंगला जायचं ठरवलं तेव्हा बाबा टेबलावर पीठ आपटत म्हणाले होते, "चांगले पिठात खेळणारे हात आहेत, आणि चाललीय लोकांना सुया टोचायला. जा, सुईबाई, जा!" झालं. दुसऱ्या दिवसापासून मळणाऱ्या मामांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची ती सुई.

आणि बाबा म्हणजे वस्ताद. सगळं गाव त्यांना वस्तादच म्हणायचं. पाव भट्टीत जायच्या आधी त्याच्या पाठीवर पात्याने एक तिरकी चीर द्यायची असते, म्हणजे तो फुगताना कुठेही न फाटता नेमका तिथेच उमलतो. ती चीर वस्ताद द्यायचे. दुसरं कुणी नाही. दादाला इतक्या वर्षांत पातं हातात मिळालं नव्हतं. वस्तादांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, आणि ते डाग ते असे दाखवायचे जशी काही पदकंच. "हा बघ, हा लग्नाच्या आदल्या दिवशीचा. आणि हा, सुई झाली त्या दिवशीचा. एकदाही गोळी घेतली नाही. फुंकर मारली आणि पुढचा ट्रे लावला."

अशा माणसाला कॅन्सर झाला, आणि तो पाठीच्या मणक्यांत उतरला.

आधी वस्तादांनी चेष्टेवारी नेलं. मग चीर देताना हात थांबायला लागला. मग एक दिवस पातं ट्रेवर पडलं आणि वस्ताद टेबलाची कड धरून तसेच उभे राहिले, डोळे मिटून, कपाळावर घाम. दादा हळूच म्हणाला, "बाबा, आजच्या दिवस मी देऊ का?" तर वस्तादांनी त्याच्याकडे असं बघितलं की दादा परत पोती उचलायला गेला. त्या दिवशी पाव बिनचिरेचे गेले. कडेला कुठेही फुटलेले, वेडेवाकडे. गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत, आणि तेच वस्तादांना जास्त लागलं.

दवाखान्यात दुखण्याचा इलाज करणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. शांत बाई, समोरच्याचं पूर्ण ऐकून मग बोलणाऱ्या. त्यांनी मॉर्फिन सांगितलं. वस्ताद उठूनच उभे राहिले.

"अफू? मला? नशा करायला सांगताय?"

आणि चालायला लागले. म्हणजे चालायला लागले असं वाटलं त्यांना, कारण दारापर्यंत पोचायला त्यांना दादाचा खांदा लागला.

घरी आल्यावर दादाही बाबांच्याच बाजूने. "सुई, तुझं डोकं फिरलंय का? लोक काय म्हणतील, वस्तादला शेवटी नशेला लावलं?"

सुई टेबलापाशी गेली, पाव भाजायचे पत्र्याचे साचे होते ना, ते ओळीने मांडले, आणि पिठाचा एक गोळा तोडला.

"बाबा, इकडे बघा. हे तुमच्या मेंदूत आहे, पाठीच्या कण्यात आहे. बारीक बारीक साचे. पुस्तकात रिसेप्टर म्हणतात, तुम्ही साचेच म्हणा. तुमच्या मणक्यातून सारखी वर्दी येतेय, दुखतंय, दुखतंय, दुखतंय. बरोबर?"

"बरोबर काय, ओरडतंय ते."

"हां. तर शरीर स्वतःच एक माल तयार करतं, या साच्यात नीट बसणारा. तो साच्यात बसला की ती वर्दी वर जायची थांबते, निम्मी खालीच अडकते. तुमचा हात भाजायचा आणि तुम्ही पुढचा ट्रे लावायचात ना, तेव्हा तुमचं शरीर हाच माल काढत होतं. फुंकर नव्हती ती."

वस्ताद हातावरच्या डागाकडे बघायला लागले.

"आता दुखणं इतकं मोठं आहे की घरचा माल पुरत नाही. म्हणून बाहेरून मागवायचा. मॉर्फिन याच साच्यात बसतं. अगदी याच." तिने गोळा साच्यात दाबून बसवला. "आणि ते येतं कुठून माहितीय? खसखशीच्या बोंडाच्या चिकातून. जन्मभर पावावर खसखस पेरताय, तेच झाड. दाण्यात काही नसतं, चिकात असतं."

"म्हणजे आमच्याच दुकानातला माल," वस्ताद पुटपुटले. मामा तिकडे पीठ मळता मळता खो खो हसले.

पण दादा ऐकेना. "आणि चटक लागली म्हणजे?"

हे सुईने दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरीणबाईंनाच विचारायला लावलं. बाईंनी नीट सांगितलं. शरीराला सवय होते, हो. ते औषध एकदम तोडलं तर अंग कापतं, नाक गळतं, पोट बिघडतं, म्हणून थांबवायचंच झालं तर हळूहळू उतरवत आणायचं. पण सवय होणं वेगळं आणि वखवख लागणं वेगळं. वखवखही लागू शकते, ते काही खोटं नाही, म्हणून तर आम्ही मोजून देतो आणि सारखं विचारत राहतो. "आणि तुमच्याकडे विचारायला घरातच माणूस आहे," असं म्हणून त्या सुईकडे बघून हसल्या. सुईचे कान लाल.

वस्ताद तयार झाले ते एकाच अटीवर. बाहेर कुणाला कळता कामा नये. "गिऱ्हाइकांना सांगायचं, कॅल्शियम चालू आहे."

सुरुवातीला थोडं थोडं मॉर्फिन, मग दुखणं थांबेपर्यंत चढवत नेलं. पहिले काही दिवस वस्ताद पेंगायचे, मळमळायचं, नाकाला खाज सुटायची. पोट तर असं गच्च झालं की आईने सगळे घरगुती उपाय करून बघितले आणि शेवटी डॉक्टरीणबाईंचंच रेचक कामाला आलं. "आतड्यातही तेच साचे असतात," सुई सांगत होती, "ते भरले की आतडी सुस्तावतात." तर वस्ताद आतून ओरडले, "व्याख्यान नंतर दे, आधी दारापासून हल!"

उलट्या काही थांबेनात, म्हणून मग बाईंनी पट्टी दिली. फेंटानिलची, तेही त्याच साच्यांत बसणारं औषध. पारदर्शक, चिकटपट्टीसारखी, पाठीवर खांद्याच्या खाली लावायची. औषध कातडीतून हळूहळू आत झिरपत राहतं. आणि काय सांगू, वस्ताद उभे राहिले! परत टेबलापाशी, परत हातात पातं. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि पदराने नाक पुसत होती.

"दुखतंय का हो?" तिने विचारलं.

"दुखतंय," वस्ताद म्हणाले, "पण शेजारच्या खोलीत दुखतंय." आणि चीर मारली, स्वच्छ, तिरकी, एका झटक्यात.

पट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पट्टीवर उष्णता नको. गरम पाण्याची पिशवी नको, शेकायचं नाही, कडक उन्हात पाठ करून बसायचं नाही. कातडी तापली की औषध झिरपायचं सोडून आत धावतं. आणि जास्त झालं तर धोका श्वासाचा. मानेच्या वर, मेंदूच्या बुडाशी एक जागा आहे, ती श्वास घ्यायची आठवण करून देत असते. तिथेही तेच साचे. ते जास्त भरले की ती जागा पेंगते, आणि माणूस श्वास घ्यायचंच विसरतो. सुईने तिथल्या तिथे विचारलं, तसं झालं तर घरी काय करायचं? बाईंनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला, नॅलोक्सोन. तो साच्यातलं औषध ढकलून बाहेर काढतो आणि स्वतः तिथे बसतो, पण काम काही करत नाही. नुसता जागा अडवून बसतो.

"म्हणजे आमचा दादा," सुई म्हणाली. दादाने तिला डोक्यात टपली मारली. फवारे आणून तिने यीस्टच्या डब्याशेजारी फळीवर ठेवले, आणि दादा रोज म्हणायचा, "सुई, तुझं अत्तर इथून उचल, यीस्टला वास लागेल."

घरी आल्यावर सगळ्यांनी मिळून गरम पाण्याची पिशवी माळ्यावर टाकली. आईने शेकायचा तवासुद्धा लपवला. सगळे किती काळजी घेत होते! आणि भिंत? भिंत कुणाच्या डोक्यातच आली नाही. एकाच्याही नाही. सुईच्यासुद्धा नाही, जी तिला टेकून हेच सगळं पाठ करत होती. कारण या घरात भिंत म्हणजे उष्णता नव्हतीच. भिंत म्हणजे भिंत होती.

त्या दुपारी सुई वॉर्डातली ड्युटी करून आली. बेकरीत पुढे नेहमीची वर्दळ, भट्टीत दुसरा घाणा भरलेला. आई दारातच तोंडावर बोट ठेवून उभी. "श्श! झोपलेत. किती दिवसांनी अशी गाढ झोप लागलीय."

मागून दादा आला, चेहऱ्यावर असा आनंद की आता लाडू वाटेल. "बघ, काय केलंय मी." आणि तिला हात धरून पोत्यांच्या खोलीत घेऊन गेला. त्याने रिकाम्या पोत्यांची गादी शिवली होती. चक्क शिवली होती, स्वतःच्या हाताने, वाकड्यातिकड्या टाक्यांनी. एक जुनी खुर्ची भिंतीला लावून तिच्यावर ती गादी, आणि त्यात वस्ताद, पाठ भिंतीला, मान एका बाजूला, मस्त घोरत.

"सकाळचं काम झाल्यावर बसवलं," दादा कुजबुजला. "म्हणाले, राजासारखं वाटतंय."

सुईला आधी हसू आलं. मग ते घोरणं कानात गेलं. ते बाबांचं घोरणं नव्हतं. बाबा घोरायचे ते करवतीसारखे, येतजात. हे एकदाच यायचं, ओलं, घशात गुळण्या केल्यासारखं, आणि मग काहीच नाही. काहीच नाही. अजून काहीच नाही. ती वाट बघत उभी राहिली आणि पुढचा श्वास येईचना.

"बाबा!"

"अगं हळू, उठतील!"

"उठतच नाहीयेत ते! बाबा!" तिने खांदा गदागदा हलवला. बाबांची मान नुसती इकडची तिकडे झाली. तिने मुठीच्या हाडांनी छातीवर जोरात रगडलं, झोपलेला माणूस शिवी देत उठेल इतकं जोरात. काही नाही. ओठ बघितले, निळसर, राखेसारखे. अंगठ्याने पापणी वर केली.

बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी. त्या अंधाऱ्या खोलीत, जिथे ती मोठी व्हायला हवी, तिथे टिंबाएवढी. औषध जास्त झाल्याची खूण.

आणि तेव्हा तिने भिंतीवर हात ठेवला. गरम. छान, ओळखीची, लहानपणापासूनची गरम.

"दादा, खाली घे यांना. भिंतीपासून लांब! उचल!"

"काय झालं? काय झालं सांग तरी!"

"भिंत झाली! पट्टी भिंतीला लागली! उचल आधी!"

दोघांनी मिळून त्यांना जमिनीवर घेतलं, त्याच गादीवर. सुईने सदरा वर केला, प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून पट्टी खसकन ओढून काढली, पिशवीतच गुंडाळली. "आई, अँब्युलन्सला फोन लाव. सांग औषध जास्त झालंय, श्वास थांबतोय. मामा! यीस्टच्या फळीवरचं माझं ते, सगळं घेऊन या! धावा!"

मामा धावले. इतक्या वर्षांत मामांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं.

तिने बाबांची हनुवटी वर केली, फवाऱ्याचं टोक नाकपुडीत घातलं आणि दाबलं. मग नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावलं आणि श्वास भरला. छाती वर आली. परत भरला. दादा भिंतीशी कोसळल्यासारखा बसला होता. "मी मारलं. मी माझ्या हाताने गादी शिवून मारलं बाबांना."

"दादा, रडायचं नंतर!" सुई ओरडली, आणि तो आवाज कुणाचा होता माहितीय? वस्तादांचा. हुबेहूब तोच, ट्रे उशिरा आला की यायचा तो. "इकडे ये. डोकं धर. असं. मागे. हलवायचं नाही." आणि दादा, तिच्यापेक्षा मोठा, दोन पोती एकदम उचलणारा दादा, गुपचूप आला आणि डोकं धरून बसला.

ती श्वास भरत राहिली. काही होईना. आई फोन हातात घेऊन दारात गोठलेली. सुईला एकच दिसत होतं, वॉर्डात सिस्टरनी दाखवलेलं, की घाबरून श्वास द्यायचं थांबवायचं नाही, औषधाला वेळ लागतो, तोवर त्याच्या वाट्याचा श्वास तू घे. ती घेत राहिली. थोडं थांबून तिने दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत मारला. परत श्वास. परत.

आणि मग बाबांची छाती तिच्या आधी हलली.

स्वतःची स्वतः. एकदा. मग एक लांब, खरखरीत, जुन्या दारासारखा श्वास. मग अजून एक. ओठांवर रंग यायला लागला, डोळे किलकिले झाले, आणि वस्ताद, जे आत्ता कुठून परत आले होते देव जाणे, त्यांनी नाक फेंदारलं आणि पहिला शब्द काढला तो असा,

"भट्टीवर कोण मेलंय? करपतोय माल!"

खरंच करपत होता! कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळीकडे धूर. मामा परत धावले, एका दिवसात दुसऱ्यांदा. सुई हसत होती आणि रडत होती, आणि बाबांना एका कुशीवर वळवत होती.

पण लगेच दुसरं सुरू झालं. ते ढकलून बाहेर काढलेलं औषध म्हणजे दुखणं थोपवणारंच औषध ना. शेजारच्या खोलीतलं दुखणं दार फोडून आत आलं. बाबांना कापरं भरलं, घाम फुटला, ओकारी आली, आणि त्यांनी सुईचा हात असा धरला की तिची बोटं पांढरी पडली.

"हे काय केलंस गं?"

"तुम्हाला परत आणलं, बाबा."

"मग नीट आण की!"

अँब्युलन्स आली तेव्हा वस्ताद टक्क जागे, शिव्या देत होते, आणि दादा म्हणत होता, "झालं ना बरं, आता कशाला दवाखाना?" सुईने त्याला बाजूला सारलं. "फवारा लवकर उतरतो, दादा. पट्टी काढली तरी कातडीत औषध साठलेलं आहे, ते अजून झिरपतंय. फवारा जागेवरून उठला की हे परत साच्यात जाऊन बसणार." आणि नेमकं तसंच झालं. अर्ध्या रस्त्यात वस्तादांच्या शिव्या मंदावल्या, डोळे मिटायला लागले. पण आता गाडीत माणसं तयार होती, सुईने सांगून ठेवलेलं होतं, आणि त्यांनी वेळेवर परत नॅलोक्सोन दिलं.

पुढचा दिवस वस्ताद दवाखान्यात, देखरेखीखाली. डॉक्टरीणबाई आल्या, सगळं ऐकलं. भिंतीचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मी सगळ्यांना शेगडी, पिशवी, ऊन विचारते. भट्टीची भिंत माझ्याही मनात आली नाही. आता विचारत जाईन." मग सुईला म्हणाल्या, "बाहुल्या बघितल्यास, श्वास दिलास, पट्टी काढलीस, आणि बरं वाटलं तरी घेऊन आलीस. हे शेवटचं लोक विसरतात." एवढंच. पण वस्ताद पडल्या पडल्या ऐकत होते, आणि त्यांनी हळूच मान वळवून आईकडे बघितलं, की तू ऐकलंस ना?

बाई गेल्यावर दादा खाटेशी आला. डोळे सुजलेले. "बाबा, बस झालं. ते औषध परत घरात नको. मी सगळ्या पट्ट्या दवाखान्यात परत देऊन येतो."

वस्तादांना तेव्हा भयंकर दुखत होतं. दात दाबून बोलत होते. सुईच्या मते हे बाबांचं होतं, बाबांनीच ठरवायचं. पण ते औषधाला नाही म्हणाले असते तर पुढचे सगळे दिवस असेच जाणार होते, दात दाबून. पात्याशिवाय. टेबलाशिवाय.

वस्तादांनी चादरीतून हात बाहेर काढला. तो, डागांचा.

"हे किती वेळा भाजलं, दादा?"

"खूप."

"मग आपण भट्टी विझवली का?"

दादाने नकारार्थी मान हलवली.

"चूक औषधाची नाही आणि गादीचीही नाही. टाके मात्र भिकार आहेत." दादाला हसू फुटलं, नाक वाहत असताना. "बाईंना बोलवा. म्हणावं, नव्याने मोजून द्या. आणि सुई?"

"काय, बाबा?"

"मला घरी नेशील तेव्हा त्या भिंतीचं काय करायचं ते तू सांगायचं. तुझं राज्य."

तर सुईने काय केलं, पोत्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर लाल रंगाने जाड पट्टा ओढला. वस्तादांची हद्द. पलीकडे पाऊल टाकायचं नाही. आणि मजा म्हणजे सगळ्या बेकरीला तो खेळच झाला. वस्ताद नुसते त्या दिशेने वळले तरी मामा परातीतून मान वर न करता ओरडायचे, "हद्द!" दूधवाला ओरडायचा, "वस्ताद, हद्द!" एकदा तर आईनेच पकडलं, ते एक पाय पलीकडे टाकून उभे होते. "नुसतं बघत होतो गं," म्हणे. खुद्द भट्टीच्या तोंडाशीही आता दादाच उभा राहायचा. वस्ताद टेबलापाशी, लांब, पाठ मोकळ्या दाराकडे. चीर त्यांची, भट्टी दादाची. आणि एक दिवस, कुणी न मागता, त्यांनी पातं दादाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ही ओळ तुझी. घाबरू नकोस, पाव आहे, बाबा नाही."

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. ते कॅल्शियम चालू आहे म्हणणारे वस्ताद! ज्यांना अफूचा अ सुद्धा दुकानात उच्चारलेला चालत नव्हता! ते आता येणाऱ्याजाणाऱ्याला धरून बसवायचे. कुणी पाव मागितला की पाव मिळायच्या आधी गोष्ट मिळायची. मेंदूतले साचे टेबलावर मांडून दाखवायचे, पिठाचा गोळा दाबायचे, आतड्यांपर्यंत जायचे. मग आई आतून म्हणायची, "अहो, आतडी नको, लोक खायला घेऊन जातायत!"

एका सकाळी घड्याळं दुरुस्त करणारे काका आले. नेहमीचे, पण हल्ली गप्प असायचे. पाव घेतला आणि तिथेच घुटमळत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "वस्ताद, माझ्या आईला फार त्रास आहे. रात्रभर कण्हते. डॉक्टर म्हणतात ते... ते औषध. पण आमच्याकडे कुणी तयार नाही. लोक काय म्हणतील."

वस्तादांनी पातं खाली ठेवलं. सदऱ्याची गळपट्टी मागे ओढून पाठ वळवली, भर दुकानात, सगळ्यांसमोर. "ही बघा. हे ते औषध. याच्यावर मी उभा आहे." मग वळले आणि आत हाक मारली, पण नेहमीसारखी नाही. इतकी वर्षं ते कुणालाही तिची ओळख करून देताना म्हणायचे, ही आमची धाकटी. त्या दिवशी म्हणाले,

"सिस्टर! जरा बाहेर या. यांना तुमच्याशी बोलायचंय."

सुई हातातलं पीठ झटकत बाहेर आली. चेहरा कसा ठेवावा हेच तिला कळेना. काकांना तिने आईला नक्की कुठे दुखतं ते विचारलं, आधी कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं, डॉक्टरीणबाईंकडे कधी जायचं ते सांगितलं. आणि मग सांगितलं, "काका, आईंना शेक देऊ नका हं, पट्टी लागली तर. पिशवी नको, ऊन नको. आणि घरात कुठली भिंत गरम होते का, तेही बघा."

"भिंत?" काका गोंधळले.

"थांबा, ते मी सांगतो!" वस्ताद मध्येच. त्यांना किती वेळचं सांगायचं होतं! त्यांनी खसखशीच्या डब्यात बोट बुडवलं आणि बाहेर काढलं, टोकावर एकच दाणा चिकटलेला. तो त्यांनी काकांच्या चष्म्यासमोर धरला.

"एवढ्या. माझ्या डोळ्यातल्या बाहुल्या एवढ्या झाल्या होत्या. काळोखात. आख्खं घर म्हणत होतं, वस्तादांना काय झोप लागलीय. आणि या पोरीने," त्यांनी बोट अजून जवळ नेलं, "या पोरीने हा एवढासा दाणा बघितला."

मागे गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत गेली होती. आई आतून ओरडली, "अहो, त्यांना पाव तरी द्या!"

"देतो," वस्ताद म्हणाले, दाणा अजून बोटावरच. "पण पुढचं ऐकल्याशिवाय कुणी जायचं नाही."